सावळघाटाच्या दोन्ही बाजूंना

पेठ ते नाशिक अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास. कोटंबीचा घाट, करंजाळी, सावळघाट, चाचडगावचा टोलनाका, मग रामशेजच्या पायथ्यावरून पेठ रोडने शहरात. उघडीप असेल तर दीड तासात माणूस पोचतो. आषाढ-श्रावणात घाटात धुकं उतरतं, गुजरातकडून येणारे अवजड ट्रक एकामागे एक चढत असतात, आणि तेव्हा या रस्त्याचा भरवसा देता येत नाही. दिवाळीनंतर तर याच रस्त्यावर पेठ तालुक्यातली घरंच्या घरं असतात. भात-नागली घरात आली की पाड्यापाड्यांवरचे लोक दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. कुणी पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीने उभं, कुणी एका मोटारसायकलवर तिघं. हेल्मेट क्वचितच.

अवयवदानावरच्या लेखाची सुरुवात मी या रस्त्यापासून करतो आहे, त्याला कारण आहे. मृत्यूनंतर हृदय, यकृत, मूत्रपिंड देता येतात ते प्रामुख्याने मेंदूला जबर इजा होऊन किंवा मेंदूत रक्तस्राव होऊन गेलेल्या माणसाचे, आणि तेही त्याचा मृत्यू अतिदक्षता विभागात, व्हेंटिलेटरवर असताना झाला तर. म्हणजे दान करण्यासाठीसुद्धा माणूस आधी मोठ्या दवाखान्यात पोचावा लागतो. जो सावळघाटातच गेला त्याच्या घरच्यांना कुणी काही विचारणार नाही. आणि दुसरीकडे, ज्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत त्यालाही हाच रस्ता आठवड्यातून दोनदा-तीनदा तुडवावा लागतो, डायलिसिससाठी. देणारा आणि घेणारा दोघंही एकाच घाटाने जातात. पण घाट दोघांना सारखा वागवत नाही, आणि या लेखात मला सांगायचं आहे ते हेच.

आधी मेंदूमृत्यूचं बोलू, कारण सगळं तिथे अडतं. डोक्याला मार लागला की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, तिला ताणता येत नाही. सूज वाढत गेली की आतला दाब वाढतो, रक्त वर चढेनासं होतं आणि शेवटी मेंदूचा देठ मरतो. श्वास घेण्याची आज्ञा या देठातून येते. ती थांबली की माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही. हृदयाचं मात्र वेगळं आहे. त्याच्या ठोक्याची ठिणगी त्याच्या स्वतःच्याच स्नायूत असते. व्हेंटिलेटर छातीत प्राणवायू भरत राहिला तर ते काही तास, कधी काही दिवस धडधडत राहतं. अंग गरम असतं, छाती वरखाली होते, पडद्यावर रेघ पळत असते. खाटेशेजारी उभ्या असलेल्या आईला कुणी म्हणालं की तुमचा मुलगा गेला, तर तिने विश्वास का ठेवावा? कोमातला माणूस आणि मेंदूमृत माणूस दिसायला सारखेच. कोमातला परत येऊ शकतो, मेंदूमृत कधीच येत नाही. हा फरक डोळ्यांना दिसत नाही, तपासण्यांना दिसतो.

म्हणून कायद्याने त्या तपासण्या फार कडक ठेवल्या आहेत. बुबुळांवर उजेड पाडून बघतात, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला कापसाने स्पर्श करतात, कानात थंड पाणी सोडून डोळे हलतात का पाहतात, घशात नळी हलवून ठसका येतो का पाहतात. शेवटी व्हेंटिलेटर बाजूला करून, नळीतून प्राणवायू चालू ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. मेंदूच्या देठात जरा जरी जीव असेल तर तो त्या वाढीला उत्तर देतो आणि छाती हलते. हलली नाही तरी लगेच निर्णय होत नाही. किमान सहा तासांनी हे सगळं पुन्हा करतात. सही चार डॉक्टरांची लागते, आणि प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला एकही डॉक्टर त्यात असू शकत नाही. ‘अवयवांसाठी माणसाला लवकर मारतात’ ही भीती खेड्यातही आहे आणि शहरातल्या शिकलेल्या घरातही आहे. तिला हसून काही होत नाही. हे सहा तास आणि या चार सह्या समजावून सांगणं, तेही घरच्यांना कळेल अशा बोलीत, हेच तिचं उत्तर आहे. पेठच्या कोकणा आदिवासी घरातल्या म्हाताऱ्या बापाशी इंग्रजी मिसळलेल्या दवाखानी मराठीत बोललं, तर त्याला एवढंच कळतं की पोराचं काहीतरी काढून घ्यायचं चाललं आहे.

कायदाही अशाच भीतीतून, आणि खऱ्या गुन्ह्यांतून आला. ऐंशीच्या दशकात आपल्या देशात किडनीचा उघड बाजार भरला होता. चेन्नईतल्या एका वस्तीत इतक्या गरिबांनी किडन्या विकल्या की त्या वस्तीचं नावच तसं पडलं. १९९४ मध्ये संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा केला. त्याने दोन गोष्टी केल्या. अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला आणि मेंदूमृत्यूला कायदेशीर मृत्यू मानलं. सुरुवातीला तो स्वीकारणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. २०११ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०१४ मध्ये नवे नियम आले. ज्या दवाखान्यात प्रत्यारोपण होत नाही पण अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह आहे, तिथेही अवयव काढून घेता येतील अशी सोय झाली. नाशिकसारख्या शहरासाठी ही सोय फार मोलाची होती. नाशिक जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या कक्षेत येतो. नाशिकमध्ये एखाद्या घराने होकार दिला की पुण्यातली प्रतीक्षायादी उघडली जाते, आणि अवयव घेऊन गाड्या धावू लागतात.

त्या धावण्यामागे घड्याळ असतं. शरीराबाहेर काढलेलं हृदय आणि फुप्फुसं चार ते सहा तास टिकतात, यकृत बारा तासांच्या आसपास, मूत्रपिंड चोवीस तास आणि कधी त्याहून थोडं जास्त. पोलीस चौकाचौकांत वाहतूक थांबवतात, मधे गाडी अडू देत नाहीत. याला सगळे ‘ग्रीन कॉरिडॉर’ म्हणतात.

महाराष्ट्राच्या वाट्याला यातली एक फार मोठी तारीख आहे. १७ फेब्रुवारी १९६८ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी केपटाउनमध्ये जगातलं पहिलं हृदय बदललं त्याला तेव्हा तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. बर्नार्ड यांचा रुग्ण १८ दिवस जगला, सेन यांचा काही तासच. लोक ते विसरले. पण परळच्या एका सार्वजनिक, पालिकेच्या रुग्णालयात, जिथे खाटेला खाट लागलेली असते, तिथे १९६८ मध्ये हे धाडस झालं होतं, ही गोष्ट मराठी माणसाने विसरू नये असं मला मनापासून वाटतं. पुढे मुंबईत हृदय बदलण्याची शस्त्रक्रिया यशस्वी व्हायला ४७ वर्षं लागली. ३ ऑगस्ट २०१५ रोजी पुण्यातल्या एका महिलेचं हृदय तिच्या घरच्यांनी दिलं, ते दीड तासाच्या आसपास मुंबईत मुलुंडला पोचलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकाने ते एका २२ वर्षांच्या तरुणाच्या छातीत बसवलं. तो वाचला. योगायोग असा की ३ ऑगस्ट हीच तारीख भारताच्या पहिल्या यशस्वी हृदय प्रत्यारोपणाची, १९९४ मधल्या, दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. वेणुगोपाळ यांच्या शस्त्रक्रियेची. म्हणून ३ ऑगस्ट हा आता राष्ट्रीय अवयवदान दिन आहे.

मधल्या ४७ वर्षांत काय कमी होतं? शल्यविशारदांचे हात कमी नव्हते. दोन गोष्टी बराच काळ नव्हत्या. एक म्हणजे मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा. दुसरी म्हणजे परक्या अवयवाला शरीराने हाकलून देऊ नये म्हणून लागणारं औषध. आपलं शरीर परकं ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं, ते त्याचं कामच आहे. १९५४ मध्ये बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी जगातलं पहिलं यशस्वी मूत्रपिंड प्रत्यारोपण केलं तेव्हा देणारा आणि घेणारा एकसारखे जुळे भाऊ होते, म्हणून ते जमलं. रिचर्ड हेरिकला त्याच्या भावाने, रोनाल्डने, एक किडनी दिली. रिचर्ड आठ वर्षं जगला, त्याची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेशीच त्याने लग्न केलं, त्यांना दोन मुलं झाली. आणि रोनाल्ड? तो गणिताचा शिक्षक झाला, एका किडनीवर ५६ वर्षं जगला आणि २०१० मध्ये ७९व्या वर्षी गेला. ‘किडनी दिली की माणूस कामातून जातो’ असं जिथे जिथे म्हटलं जातं तिथे मला रोनाल्डची ही ५६ वर्षं सांगावीशी वाटतात.

पण जगातल्या सगळ्यांना काही जुळा भाऊ नसतो. बाकीच्यांसाठी उत्तर मातीत निघालं. १९६९ मध्ये नॉर्वेच्या एका पठारावरून सँडोझ कंपनीच्या कर्मचाऱ्याने सुटीत गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यात एक बुरशी मिळाली. त्या बुरशीपासून सायक्लोस्पोरिन आलं, १९८३ मध्ये ते अमेरिकेत मान्य झालं आणि प्रत्यारोपणाचं सगळं गणित बदललं. पुढे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूपासून टॅक्रोलिमस मिळालं. ईस्टर बेटाच्या मातीतून रॅपामायसिन मिळालं आणि ते जगापुढे आणण्यात सुरेंद्रनाथ सेहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. आज प्रत्यारोपण झालेला जवळजवळ प्रत्येक माणूस या मातीतून आलेल्या औषधांवर जगतो.

आणि त्याच माणसाला मातीपासून जपावं लागतं. पेठसारख्या ठिकाणी प्रत्यारोपणानंतरचं जगणं किती वेगळं आहे ते इथे कळतं. शहरातल्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं: उकळलेलं पाणी प्या, गर्दी टाळा, मास्क लावा, बागकाम करताना हातमोजे घाला. पेठमध्ये ‘बागकाम’ म्हणजे गुडघाभर चिखलात वाकून केलेली भाताची आवणी. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, गोठा घराला लागून, पायात काही नाही. ही औषधं शरीराचा पहारा मुद्दाम ढिला ठेवतात, म्हणून चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारे आजार, घरातल्या कुणाचा क्षयाचा खोकला, हे सगळं अशा माणसाला दुप्पट धोक्याचं. साधा ताप आला तरी ‘बघू दोन दिवस’ म्हणायची मुभा त्याला नसते.

गोळ्या दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, जन्मभर. आज बरं वाटतंय म्हणून एक दिवस सोडली असं चालत नाही. औषधाची रक्तातली पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते, कारण कमी पडलं तर शरीर किडनीवर उठतं आणि जास्त झालं तर तेच औषध किडनीला बाधतं. किडनी नाकारली जायला लागते तेव्हा बहुतेकदा दुखत नाही, फक्त क्रिएटिनिन वाढत जातं. ते तपासायला परत घाट. पपनस खायचं नाही, त्याने औषधाची पातळी भलतीच चढते. आणि झाडपाला? पेठ-सुरगाण्याच्या रानातल्या लोकांना औषधी वनस्पतींचं जे ज्ञान आहे त्याचा मला आदर आहे. पण गुळवेलीसारखी प्रतिकारशक्ती चेतवणारी वेल प्रत्यारोपण झालेल्या माणसाने घेतली तर ती त्याच्या औषधाच्या नेमक्या उलट काम करू शकते. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा पिऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत, ते तर प्रत्यारोपण न झालेले लोक होते. ही गोष्ट भगताला आणि आशाताईला दोघांनाही सांगायला हवी. भगताला आधी, कारण पाड्यावर पहिली हाक त्यालाच जाते.

एवढं सगळं पाळून मिळतं काय? रोपाला नवा वाफा मानवला की ते जसं टवटवीत होतं तसं माणसाचं होतं. डायलिसिसवरच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून प्यावं लागतं, वैशाखाच्या उन्हातही. नवी किडनी जोडल्यावर अनेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी सुरू होते. जुन्या किडन्या बहुधा काढतही नाहीत, नवी ओटीपोटात एका बाजूला बसवतात. काही आठवड्यांत माणूस पोटभर पाणी पितो, चव परत येते, चेहऱ्यावरचा काळवंडलेपणा जातो. बसवलेली किडनी दहा-पंधरा वर्षं चालते, पुष्कळदा त्याहून जास्त. या काळात लोक नोकऱ्या करतात, शेती बघतात, बायकांना मुलं होतात. १९५८ मध्येच अमेरिकेत किडनी बदललेल्या एका बाईला मूल झालं होतं. प्रत्यारोपण झालेल्यांच्या जागतिक क्रीडास्पर्धा १९७८ पासून भरतात. आणि बदल फक्त आतल्या अवयवांपुरता राहिलेला नाही. घाटकोपरला लोकलखाली दोन्ही हात गमावलेल्या मुंबईच्या एका मुलीला २०२० मध्ये, साडेसहा वर्षांनी, चेन्नईहून आलेले हात मिळाले. पुण्यात २०१७ मध्ये आईचं गर्भाशय मुलीत बसवलं गेलं आणि पुढच्या वर्षी त्या गर्भाशयातून बाळ जन्मलं.

आता दुसऱ्या बाजूचं, जी मला स्वस्थ बसू देत नाही. २०२३ मध्ये देशात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणं झाली. १३,४२६ मूत्रपिंडं, ४,४९१ यकृतं, २२१ हृदयं, आणि उरलेली फुप्फुसं, स्वादुपिंडं, आतडी. पण मृत्यूनंतर अवयव देणारे किती? सगळ्या देशात १,०९९. महाराष्ट्रात १४८. तेलंगणात त्याच वर्षी २५२ होते, तमिळनाडू आणि कर्नाटकात प्रत्येकी १७८. म्हणजे आपल्याकडची बहुतेक प्रत्यारोपणं जिवंत माणसाच्या अंगातून घेतलेल्या अवयवांवर चालतात. आणि ती जिवंत माणसं कोण? त्याच वर्षी जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत ९,७८४ बायका होत्या आणि ५,६५१ पुरुष. घेणाऱ्यांचं चित्र उलटं. १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत २९,६९५ पुरुषांना अवयव मिळाले आणि ६,९४५ बायकांना. आई देते, बायको देते, बहीण देते. कमावत्या पुरुषाला वाचवणं हे घराचं गणित असतं हे मला समजतं. पण पेठची बाई द्राक्षबागेत पुरुषाइतकीच रोजंदारी करते, वर पाणी भरते, लाकूडफाटा आणते. तिला कमावती का धरत नाहीत? आणि तिच्या किडन्या गेल्या तर तिच्यासाठी कोण पुढे येतं? मृत्यूनंतरचं दान वाढवण्याचं माझ्या लेखी सर्वांत मोठं कारण हे आहे: त्याने घरातल्या बाईवरचा हा मुका दबाव कमी होतो.

जिवंतपणी किडनी देणाऱ्याचा धोका लपवू नये. शस्त्रक्रियेने दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास आहे. उरलेली किडनी हळूहळू मोठी होते, दोघींचं बरंचसं काम एकटी उचलते. चार-सहा आठवड्यांत हलकी कामं, जड ओझं आणखी काही काळाने. पण दरवर्षी रक्तदाब आणि लघवीची तपासणी व्हायला हवी, आणि ज्या बाईने नवऱ्याला किडनी दिली तिच्या तपासणीसाठी नाशिकला जायला घरात कुणाला वेळ नसतो, हे खेड्यातलं वास्तव आहे. देणाऱ्याला विसरून जाणं हा कृतघ्नपणा आहे.

किडन्या जातातच का, हेही इथे सांगायला हवं. मधुमेह आणि रक्तदाब ही जगभरची कारणं इथेही आहेत, आणि पाड्यावर रक्तदाब मोजला जात नाही तोवर तो आहे हे कळत नाही. त्यात अंगदुखीवरच्या गोळ्या. दिवसभर वाकून काम केल्यावर रात्री दुकानातून गोळी आणून खायची आणि सकाळी परत कामाला, असं वर्षानुवर्षं चालतं. घोणस किंवा फुरसं चावलं तरी किडन्या अचानक बंद पडतात, पण वेळेवर प्रतिविष आणि थोडे दिवस डायलिसिस मिळालं तर त्या बहुधा परत सुरू होतात. सिकलसेल आजारही किडनीला पोखरतो. तो देशातल्या आदिवासी पट्ट्यांत आहे आणि त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. सिकलसेल मुळापासून बरा करणारा रूढ उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्यासाठी कुणाला मरावं लागत नाही. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि दिलेली मज्जा देणाऱ्याच्या अंगात काही आठवड्यांत पुन्हा भरून येते.

पैशाचं काय? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपणासाठीची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली गेली. फार चांगलं झालं. पण योजना शस्त्रक्रियेपाशी उदार असते, नंतरची वर्षं कुटुंबाची. गोळ्यांना महिन्याला काही हजार लागतात, एसटीचं भाडं, बुडालेली रोजंदारी, तीही दोघांची, देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. शिवाय प्रतीक्षायादीत नाव असलं की रात्री-अपरात्री फोन येऊ शकतो: किडनी मिळते आहे, ताबडतोब या. ज्या पाड्यावर रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागतं तिथे तो फोन वाजतच नाही. फोन लागला नाही तर डॉक्टर तरी किती थांबणार? ते यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतात. यात कुणी अन्याय केला असं म्हणता येत नाही, पण अन्याय होतो. घाट ओलांडून पेठच्या माणसाचे अवयव शहरात पोचू शकतात. शहरातून पेठच्या माणसाकडे ते येणं मात्र कितीतरी अवघड आहे. गावात मोबाइलचा मनोरा उभा राहणं आणि तालुक्याच्या दवाखान्यात क्रिएटिनिन व औषधाच्या पातळीसाठी रक्ताचा नमुना घेऊन नाशिकला पाठवण्याची सोय होणं, या दोन गोष्टींनी किती फरक पडेल! यासाठी कुठलं नवं विज्ञान लागत नाही.

यादीपुढे माणसाचं वजन चालत नाही, हेही सांगतो. विलासराव देशमुख दोनदा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, २०१२ मध्ये ते केंद्रात विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री होते. यकृत निकामी झालं म्हणून त्यांना मुंबईहून चेन्नईला हलवलं. तिथे अवयव मिळण्याची आशा निर्माण झाली होती, पण ज्याच्याकडून ते मिळायचे होते तो रुग्ण त्याआधीच दगावला. १४ ऑगस्ट २०१२ रोजी विलासराव गेले. आणि न्यावं लागलं ते चेन्नईला, हेही लक्षात घ्या. तमिळनाडूत २००८ मध्ये एका डॉक्टर दांपत्याने अपघातात गेलेल्या आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाचे अवयव दिले, आणि त्या एका घराच्या निर्णयाने राज्य हलून गेलं. सरकारने नियम नीट केले, समन्वयक नेमले, दाते वाढत गेले. २०२३ पासून तिथे अवयवदात्याचे अंत्यसंस्कार शासकीय इतमामात होतात. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकांमागे वर्षाला पन्नासच्या आसपास मृत दाते असतात, आपल्याकडे एकसुद्धा नाही. स्पेनचा कायदा प्रत्येकाची संमती गृहीत धरतो असं म्हणतात ते खरं, पण तिथेही घरच्यांना विचारल्याशिवाय अवयव घेत नाहीत. त्यांचं यश आहे ते रुग्णालयारुग्णालयात नेमलेल्या, शोकातल्या घराशी बोलायला शिकलेल्या डॉक्टरांमध्ये.

आपल्याकडेही शेवटचा शब्द घरच्यांचाच. हयातीत फॉर्म भरला असेल, आधारशी जोडलेल्या सरकारी पोर्टलवर नोंद असेल, तरी मृत्यूनंतर जवळच्या नातेवाइकाची सही झाल्याशिवाय काही होत नाही. म्हणून खिशातल्या कार्डापेक्षा चुलीपाशी झालेलं बोलणं जास्त कामाचं. अपघाताचा मामला असेल तर पोलिसांची नाहरकत आणि शवविच्छेदन लागतं, ते अवयव काढण्याबरोबर जुळवून घेता येतं. देह शिवून, नीट झाकून परत मिळतो. दानासाठी घरच्यांकडून पैसे घेत नाहीत, आणि देतही नाहीत. अवयव कुणाला गेले हे सांगत नाहीत. ‘अर्धा देह घेऊन पूर्वजांकडे कसा जाईल’ हा प्रश्न ज्या घरात उठतो त्याला उडवून लावू नये. मेलेल्याचे दिवस घालणं हा या भागातल्या आदिवासी घरांचा फार गंभीर विधी आहे, त्यात मेलेल्याला सन्मानाने पोचवायचं असतं. त्या विधीत कुठेही अडथळा येत नाही, हे त्याच समाजातल्या वडीलधाऱ्याने सांगितलं तर ऐकलं जाईल. डॉक्टरने सांगून ते होणार नाही.

आणि एक दान असं आहे की ज्याला नाशिक गाठावं लागत नाही. डोळे. त्यासाठी मेंदूमृत्यू नको, व्हेंटिलेटर नको. माणूस आपल्या घरात, म्हातारपणाने गेला तरी चालतो. चष्मा असलेला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेला, मधुमेही, सगळे देऊ शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत बुबुळावरचा पारदर्शक पडदा काढावा लागतो, काम अर्ध्या तासाच्या आत होतं आणि चेहरा विद्रूप होत नाही. नाशिकहून नेत्रपेढीचं पथक कळल्यापासून दोन-तीन तासांत पेठच्या बऱ्याच गावांत पोचू शकतं, आणि लांबच्या पाड्यावरची लेक येईपर्यंत आपण प्रेत तसंही थांबवतोच. पथक येईपर्यंत घरच्यांनी करायचं ते इतकंच: पापण्या हलक्या हाताने मिटवायच्या, त्यावर स्वच्छ ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी देऊन डोकं थोडं उंच ठेवायचं, पंखा असेल तर बंद करायचा. राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्थेचा निःशुल्क क्रमांक आहे १८००-११४-७७०. दिवाळीतल्या वाघबारशीला सगळे घरी येतात तेव्हा तो कुडावर कोळशाने लिहून ठेवता येईल, आणि कुणी कुणाचे डोळे द्यायचे हेही त्याच दिवशी बोलून घेता येईल.